कोच, तल्हा आणि मधला थर्मास

मित्रांनो, फुटबॉलच्या मैदानावर सगळे चेंडूकडे पाहतात. माणसं पाहतात, मोबाइल पाहतात, मैदानाच्या कुंपणावर बसलेली मांजरंसुद्धा पाहतात. माझ्याकडे कुणी पाहिलंच तर ते हाफ टाइमला, जीभ बाहेर काढून. मी पाण्याचा एक जुना थर्मास आहे. चहाचा तो नाजूक, फुलाफुलांचा, पाहुण्यांपुढे मिरवणारा थर्मास वेगळा. तो आमच्या नात्यात येत नाही. मी बादलीएवढा, निळा, पांढऱ्या झाकणाचा, पोटाखाली नळ असलेला. कुवेतमध्ये जिथे जिथे माणसं उन्हात राबतात तिथे तिथे माझे भाऊबंद सावली शोधत बसलेले असतात. तुम्ही कधी त्यांच्याशी बोलला नसाल. बोलायला हवं असंही काही नाही.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते माझ्या बुडावर छापलेलं होतं. आता ते घासून गेलंय, त्यामुळे मी कुठल्याही देशाचा अभिमान बाळगायला मोकळा आहे. तापलेलं प्लास्टिक साच्यात घातलं, एक भिंत आतून, एक बाहेरून, आणि मध्ये फेस भरला, की आमच्यासारखा प्राणी तयार होतो. बाहेरचा ताप आत घ्यायचा नाही, एवढंच शिक्षण मला मिळालं. पुढे ज्यांच्या संगतीत माझी उमेदीची वर्षं गेली त्यांना तेवढंही जमत नव्हतं, पण त्यांना साच्यात घातलं नव्हतं हेही खरं.

फहाहीलच्या बाजारात एका दुकानाच्या दारावर मी झाडू, बादल्या आणि इस्त्रीच्या टेबलांसोबत दोरीला लटकत होतो. एके दिवशी अकबर परकार आले. त्यांनी कलिंगड निवडावं तसं माझ्या पोटावर बोटांनी वाजवून पाहिलं.

"लाइफटाइम गॅरंटी," दुकानदार म्हणाला.

"कुणाची लाइफ?" अकबरभायनी विचारलं.

दुकानदार हसला आणि त्याने मला दोरीवरून काढलं. त्या प्रश्नाचं उत्तर आम्हा दोघांनाही अजून मिळालेलं नाही.

अकबर परकार म्हणजे रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या एका गावचे. तेलाच्या कामांची कंत्राटं घेणाऱ्या एका कंपनीत स्टोअरकीपर. आठवडाभर नटबोल्ट आणि हेल्मेटं द्यायची, आणि शुक्रवारी सकाळी 'कोकण किनारा' या फुटबॉल संघाचे कोच व्हायचं. या पदासाठी त्यांच्याकडे लागणारी सगळी पात्रता होती: एक शिट्टी, एक गाडी आणि मोठा आवाज. संघातले निम्मे त्यांच्याच गावचे, बाकीचे आजूबाजूच्या बंदरांवरचे. गोलात मुकेश. तो खाडीपलीकडच्या वाडीतला, एसी दुरुस्त करणारा. त्याला धावायचा कंटाळा होता म्हणून त्याला गोलकीपर केलं होतं, आणि गोलकीपर केल्यावर त्याला वाकायचाही कंटाळा आहे हे कळलं.

शुक्रवारी पहाटे अकबरभायच्या घरवाली, जमिलाभाभी, बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानातून, आणलेला बर्फ माझ्यात फोडून टाकायच्या, वर पाणी, दोन लिंबं आणि चिमूटभर मीठ. मग गाडीच्या डिकीत बसून मी मैदानावर. जुम्म्याच्या अजानीआधी खेळ संपवायचा हा नियम. बाकी नियम रेफ्रीला ठाऊक असतील तेवढेच.

आणि मग तल्हा आला.

तल्हा अकबरभायच्याच मोहल्ल्यातला. दोघांच्या घरांमध्ये एक कुंपण आणि त्या कुंपणात एक कायमचं भोक. बाप लवकर गेलेला. अकबरभाय सुट्टीवरून परत निघाले तेव्हा तल्हाची आई, असमाबी, त्यांच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "अकबर, हा तुझ्या हवाली. मना फक्त ईदला आवाज ऐकव त्याचा." हे मला भाभींच्या तोंडून कळलं, त्या स्वयंपाकघरात एकट्या असल्या की माझ्याशी बोलत, म्हणजे स्वतःशी. अकबरभायनी पोराला व्हिसा मिळवून दिला, आपल्या स्टोअरमध्ये हेल्पर म्हणून लावलं, आपल्या घरी दोन महिने ठेवलं, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, लागेपर्यंत रोज कपाळाला आठ्या घातल्या. आणि पहिल्याच शुक्रवारी त्याला बूट देऊन मैदानात उतरवलं.

मित्रांनो, मी अनेक खेळाडू पाहिले. बहुतेक चेंडू पायात आला की मग विचार करतात, आणि विचार करेपर्यंत चेंडू गेलेला असतो. तल्हा चेंडू यायच्या आधीच मान फिरवून सगळं मैदान पाहून घ्यायचा, बाजारात शिरण्याआधी बायका पिशवीत काय काय घ्यायचं ते मनात ठरवतात तसा. मग चेंडू त्याच्याकडे फक्त हजेरी लावायला यायचा. तो मध्यभागी उभा असायचा आणि आमचे पोट सुटलेले, गुडघे दुखणारे, आठवडाभर ओव्हरटाइम केलेले दहा जण अचानक फुटबॉलपटू दिसू लागायचे. अकबरभायची सगळी युद्धनीती तीन शब्दांत मावायची: "तल्हाला दे रे!" चौथा शब्द लागलाच तर "डावीकडे!" कारण तल्हा उजव्या पायाचा, त्याला डावीकडची मोकळी जागा उशिरा दिसायची.

त्या वर्षांत आम्ही करंडक जिंकले. माझ्यातलं उरलेलं बर्फाचं पाणी कोचच्या डोक्यावर ओतलं गेलं. संघाच्या फोटोत मी पुढे मध्यभागी, आणि माझ्या झाकणावर तल्हाचा बूट. तो फोटो अकबरभायच्या दिवाणखान्यात सोफ्याच्या वर लागला. पाहुण्यांना ते बोट दाखवून सांगायचे, "हा आपला तल्हा." मी कोण ते कुणी विचारलं नाही. मी तक्रार करत नाही, फक्त नोंदवतो.

हे सगळं संपलं ते एका गुरुवारी, बिर्याणीवर.

तल्हाचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि त्याची बायको हिना गावीच होती. हेल्परच्या पगारावर इथे बायको आणता येत नाही. सरकारला त्यासाठी पगाराचा आकडा लागतो. रिग्गई या वस्तीचा एक संघ होता, पिवळ्या जर्सीचा. त्यांच्याकडे पैसेवाला प्रायोजक, ट्रॅकसूट घातलेला कोच, त्या कोचकडे पांढरा फळा आणि फळ्यावर बाण. त्या प्रायोजकाचं शहरात, शर्क भागात, ऑफिस होतं. त्यांनी तल्हाला ऑफिसात नोकरी देऊ केली, बायको आणता येईल अशा पगाराची. अट एकच, आणि ती तुम्ही ओळखली असेल.

त्या गुरुवारी तल्हा अकबरभायकडे आला. हे सांगायलाच आला होता, हे ओट्याखाली बसलेल्या मलासुद्धा कळत होतं. तीनदा "चाचा" म्हणाला. पहिल्यांदा अकबरभायनी त्याला रायतं वाढलं. दुसऱ्यांदा उद्याच्या सामन्याचं सांगू लागले. तिसऱ्यांदा फोन आला. तो जेवला, हात धुतले आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर अकबरभाय त्याची वाट पाहत होते, तेव्हा मुकेशच्या मोबाइलवर फोटो आला. पिवळी जर्सी, पिवळं हसू, तल्हा.

"माझ्या घरात बसून जेवला," अकबरभाय एवढंच म्हणाले. "माझ्या घरात."

नोकरी सोडल्याचं त्यांना काही नव्हतं, हे ते पुढे सगळ्यांना सांगत राहिले. ज्याला विचारायचं नव्हतं त्यालाही सांगत राहिले. जर्सीचंही काही नव्हतं. बिर्याणीचं होतं. आपल्याकडे माणूस मोठ्या गोष्टी गिळतो आणि लहान गोष्ट घशात अडकते.

पुढच्या हंगामात आमची रिग्गईशी गाठ पडली. ऊन असं होतं की गवताचाही चटका बसावा. पाण्यासाठी खेळ थांबला आणि तल्हा सवयीने, अगदी झोपेत चालल्यासारखा, माझ्यापाशी आला. खाली वाकून त्याने नळाला हात लावला. अकबरभायनी त्याच्या हाताखालून मला उचललं, तसंच नेऊन डिकीत ठेवलं आणि डिकी लावली. सगळं मैदान पाहत होतं. उन्हात काम करणाऱ्या माणसांच्या देशात कुणी कुणाला पाणी नाकारत नाही. साहेब आणि हारिस, म्हणजे इमारतीचा रखवालदार, दोघेही एकाच नळाचं पितात. माझ्या पोटात बर्फ होता आणि मी अंधारात गाडीच्या जॅकशेजारी बसून होतो. आमचेच खेळाडू त्या दिवशी तहानलेले राहिले, आणि कोचला विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

तेव्हापासून तल्हा स्वतःची बाटली आणू लागला. आणि त्यानेही बोलणं टाकलं.

त्यानंतरची वर्षं माझ्या आयुष्यातली लांब वर्षं. तिकडे हिना कुवेतला आली, इकडे कोकण किनारा हरत राहिला. माझं झाकण तडकलं, त्याला पार्सलची तपकिरी टेप लागली. नळ गळू लागला, त्याखाली दह्याचा रिकामा डबा आला. अकबरभाय शिट्टी वाजवायचे ती सुद्धा उपकार केल्यासारखी. तल्हाच्या जागी त्यांनी बरेच जण उतरवून पाहिले. एकाला म्हणाले, "चेंडू यायच्या आधी बघत जा." तो म्हणाला, "काय बघू?" अकबरभाय शिट्टी खिशात टाकत म्हणाले, "काय नाय. धाव."

मग कंपनीने अकबरभायना सांगितलं की तुमचं काम संपलं. कंपन्या हे फार सभ्यपणे सांगतात, केक कापून. अकबरभाय आणि भाभी कायमचे गावी निघाले.

आता मित्रांनो, आमच्याकडची एक रीत तुम्हाला सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. इथून कुणी गावी निघाला की तो आधी आपल्या गावच्या प्रत्येक माणसाला विचारतो, "सामान द्यायचं हाय काय?" मग ज्याची त्याची पुडकी जमतात. दुधाची पावडर, बाम, खजूर, अत्तर, आईसाठी चादर, पोरांसाठी चॉकलेट. तपकिरी टेप, वर जाड पेनाने नाव. माणूस गावी पोचला की दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्याच्या ओटीवर मोहल्ल्यातल्या आया येऊन बसतात. कुणी काही बोलत नाही. नुसत्या बसतात. मग एकेकीच्या हातात पुडकं पडतं आणि ती ते छातीशी धरून घरी जाते. पुडक्यात काय आहे याला फार महत्त्व नसतं. पोरगा आहे, कमावतो, आणि त्याला आठवण आहे, एवढं त्या टेपवर लिहिलेलं असतं. ज्या आईच्या हातात काही पडत नाही तिच्याबद्दल मोहल्ला महिनाभर बोलतो. आणि रीत अशी की विचारायचं जाणाऱ्याने. राहणाऱ्याने आपणहून आणून द्यायचं नसतं. ते लोचटपणाचं दिसतं.

अकबरभायनी सगळ्यांना फोन केले. एक सोडून.

"तल्हाला?" भाभींनी विचारलं. त्या ओट्यावर पावडरीचे डबे वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या.

"ग्रुपवर टाकलाय मेसेज. 'गावी जातोय, ज्याला सामान द्यायचा हाय त्याने आणून द्यावा.' तोही ग्रुपात हाय. वाचलान त्याने. निळी खूण आली."

"ग्रुपवर विचारलेला विचारल्यात धरत नाय."

"कोण बोलला?"

"तुमच्या आईने धरला असता?"

अकबरभायनी मोबाइल पुन्हा उघडून पाहिला. ग्रुपात एकशे कितीतरी माणसं होती, त्यातल्या निम्म्यांनी अंगठा दाखवला होता आणि एकाने चुकून वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या होत्या.

"पोचलो की आपल्या ओटीवर सगळ्या येऊन बसतील," भाभी म्हणाल्या. त्यांचा आवाज वाढला नव्हता, त्यामुळे मला भीती वाटली. "असमाबीही येईल. कुंपणाच्या भोकातून, सगळ्यांच्या आधी. तिला काय सांगाल? तुझा पोरगा काय देत नाय, की मी विचारला नाय? दोन्हीतला एक सांगावाच लागेल. तिने पोरगा तुमच्या हवाली केलेला."

"माझ्या हवाली केलेला तो पोरगा मना न सांगता गेला."

"आणि तुम्ही त्याच्या हातातला पाणी काढून घेतलात."

अकबरभाय उठून बाल्कनीत गेले. भाभींनी शेवटचा डबा गुंडाळला आणि बॅग वजनकाट्याला अडकवली. काटा जिथे थांबायला हवा होता तिथेच थांबला. "झालं," त्या मला म्हणाल्या. "आता एक सुईही जायची नाय."

मुकेशने मध्ये पडायचा प्रयत्न केला, हे त्याच्या नावावर लिहायला हवं. तो एसी काढायच्या निमित्ताने आला आणि म्हणाला, "कोच, मी काय म्हणतो, त्यालाही वाटतंय हो. फक्त विचारायची खोटी."

"त्याने पाठवलान तुला?"

"छे, छे."

"मग तुना कसा माहीत त्याला काय वाटतंय?"

मुकेशने एसीत डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही.

शेवटचा शुक्रवार. विमान दुसऱ्या दिवशी. सामना रिग्गईशीच, कारण स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाच्या लोकांनी ठरवलं होतं की कोचच्या निरोपाला मोठा सामना हवा, आणि आमच्याशी खेळायला तयार असलेला मोठा संघ तेवढाच होता. सामन्यानंतर सत्कार. मैदानाच्या कडेला टेबल, टेबलावर साटीनचा कपडा, कपड्यावर झाकलेली एक वस्तू. मी त्या टेबलाखाली. अकबरभाय इस्त्री केलेला शर्ट घालून उभे होते आणि पिवळ्या जर्सींकडे मुळीच पाहत नव्हते. कुणीतरी इतक्या निश्चयाने पाहत नसलं की सगळ्यांचं लक्ष तिकडेच जातं.

पहिला हाफ कसाबसा बरोबरीत सुटला. मुकेश दोनदा वाकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या हाफमध्ये, खेळ संपत आला असताना, आमच्याच एकाच्या पायातून चेंडू सुटला आणि मध्यभागी तल्हाकडे गेला. तल्हाने मान फिरवली, पण उजवीकडेच. उजवीकडे आमचे तीन जण भिंतीसारखे उभे. डावीकडे त्याचा एक साथीदार मोकळा, इतका मोकळा की तो हात वर करून जांभई दिल्यासारखा उभा होता. मी टेबलाखालून पाहत होतो. आणि माझ्या वर, कडेच्या चुन्याच्या रेघेवर पाय ठेवून, अकबर परकारांनी छातीच्या तळातून आरोळी ठोकली,

"डावीकडे! डावीकडे बघ रे, मोकळा हाय!"

तल्हाने बघितलंच नाही. बघायची गरज नव्हती. तो आवाज ऐकून त्याचा पाय आपोआप वळला. चेंडू डावीकडे गेला आणि जांभई देणाऱ्याने तो आमच्या गोलात मारला.

मग जी शांतता झाली तिच्यात एसीचा आवाज ऐकू आला असता, पण उघड्या मैदानावर एसी नसतो. आमचे अकरा खेळाडू कोचकडे वळले. रिग्गईचा ट्रॅकसूटवाला कोच हातातला फळा खाली करून पाहत राहिला. मुकेश जाळ्यातून चेंडू काढत ओरडला, "कोच! आज आपण नक्की कुठल्या टीमचे?"

कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. अकबरभाय हसले नाहीत. ते स्वतःचं तोंड, म्हणजे जिथून तो आवाज निघाला होता ती जागा, हाताने चाचपून पाहत होते, जणू दात पडलाय. समोर तल्हा गोल साजरा करत नव्हता. तो कमरेवर हात ठेवून जमिनीकडे पाहत उभा होता.

आम्ही हरलो. त्यात नवीन काही नव्हतं.

सत्कार झाला. तीन जण बोलले. तिघांनीही सुरुवातीला सांगितलं की वेळ कमी आहे, आणि मग तो आणखी कमी केला. शाल घातली गेली, त्या उन्हात. साटीनचं कापड काढलं तेव्हा खाली स्मृतिचिन्ह निघालं: काचेची जाड ठोकळ्यासारखी पेटी, आत पितळी होडी, खाली लाकडी बूड, बुडावर अकबरभायचं नाव, त्यात एक अक्षर चुकलेलं. ते उचलायला दोन जण लागले. फोटो काढले. अजानीची वेळ जवळ आली म्हणून लोक पांगू लागले.

अकबरभाय ती काचेची होडी कुशीत धरून उभे राहिले. मग त्यांनी ती मुकेशच्या हातात दिली आणि मैदान ओलांडून चालू लागले. पिवळे खेळाडू बूट सोडत बसले होते. अकबरभाय तिकडे चालत आहेत हे पाहून मंडळाच्या एका माणसाने गाडीचं दार उघडलं होतं ते तसंच धरून ठेवलं.

तल्हा उठून उभा राहिला.

"आज उजवीकडे तीनदा चेंडू घातलास," अकबरभाय म्हणाले.

"दोनदा, चाचा."

"तीनदा. त्या फळ्यावर डावी बाजू नाय काय?"

मग अकबरभायनी ते विचारलं. त्यांनी ते तल्हाकडे न पाहता, दूर कुठल्यातरी गाडीकडे पाहत विचारलं, पण विचारलं, आणि रीतीप्रमाणे पूर्ण वाक्यात विचारलं. "उद्या गावी जातोय. आईसाठी सामान द्यायचं हाय काय?"

तल्हाने मान हलवली, हो की नाही ते कळेना. मग तो पळाला. चेंडूमागे तो कधी तसा पळाला नव्हता. गाडीची डिकी उघडली, आणि आतून एक पुडकं काढलं. टेप लावलेलं, कोपरे गाडीत घासून गोल झालेले, वर नाव लिहिलेलं. ते पुडकं आज बांधलेलं नव्हतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. अकबरभाय आपला मेसेज टाकून मोकळे झाले होते तेव्हापासून ते त्या डिकीत फिरत होतं, रिग्गई ते शर्क, शर्क ते रिग्गई, कुणी विचारायची वाट पाहत.

"हिनाने बांधलाय," तो म्हणाला. "बिर्याणीचा मसाला पण हाय म्हणे. मी बोललो नको, पण…"

"बरा केला," अकबरभाय म्हणाले. त्यांनी पुडकं हातावर तोललं. चेहरा पडला. "वजन भरलाय रे. बॅगेत सुई जायची जागा नाय, जमिला बोलली."

तल्हाने पुडकं परत घ्यायला हात पुढे केला. अकबरभायनी ते सोडलं नाही. दोघे तसेच, एकच पुडकं दोन बाजूंनी धरून उभे. मग अकबरभाय वळून ओरडले, "मुकेशा! ती होडी तुझ्याकडेच ठेव. हातात मी हा पुडका नेतो."

"कोच, स्मृतिचिन्ह हाये ते!"

"मना स्मृती हाय. चिन्ह तू ठेव."

मंडळाच्या माणसाने गाडीचं दार हळूच लावून घेतलं.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की मग दोघांनी मिठी मारली, किंवा तल्हा येऊन माझ्या नळाचं पाणी प्याला. तसं काही झालं नाही. त्याच्या हातात त्याची बाटली होती आणि ती भरलेली होती. "पोचलो की फोन करतो," अकबरभाय म्हणाले. तल्हा म्हणाला, "हो." त्याने 'माफ करा' म्हटलं नाही आणि यांनीही नाही. ते दोन शब्द दोघांच्याही घशात होते, पण अजान सुरू झाली आणि सगळ्यांनाच निघावं लागलं.

अकबरभाय गेले. मला मुकेशकडे सोडून गेले. मुकेश आता कोच आहे, म्हणजे त्याला उभं राहायलाही लागत नाही, खुर्ची आहे. पुढच्या शुक्रवारी तल्हा आमच्या बाजूला आला, मुकेशच्या खुर्चीशेजारी खाली बसला आणि मोबाइल त्याच्या कानाशी धरला. असमाबीचा व्हॉइस मेसेज होता. मी शेजारीच असल्यामुळे मलाही ऐकू आला.

"अकबर स्वतः घेऊन आयला रे. ओटीवर बोलावला नाय मना. सगळ्या बायका बसलेल्या होत्या, त्यांना तशाच सोडून कुंपणातून आमच्याकडे आयला. पुडका हातात दिलान. मग बसला आणि तासभर तुझी तक्रार केलान. तू डावीकडे बघत नायस म्हणे. काय ता मना कळला नाय. पण बाबा, मोठा माणूस सांगतो तर बघत जा डावीकडे. चहा तीनदा घेतलान. आणि जाताना डोळे पुसलान, बोलला, धूर हाय. चूल तर पेटलेली नव्हती. मी काय बोलले नाय."

मुकेशने पुन्हा एकदा लावायला सांगितलं. तल्हाने लावलं. तिसऱ्यांदा त्याने स्वतःसाठी लावलं, थोडं लांब जाऊन.

मित्रांनो, माझी गोष्ट इथे संपते. मी काही मोठा उपदेश करणार नाही. उपदेश करायला स्मृतिचिन्हावर नाव लागतं. माझी विनंती साधी आहे, आणि ती मी केवळ थर्मास म्हणून करतो. शुक्रवारी माझ्यात जे पाणी उरतं ते पुढच्या शुक्रवारपर्यंत तसंच ठेवू नका. बाहेरून मी तसाच निळा दिसतो, पण आत वास धरतो, आणि एकदा धरला की लिंबानेही जात नाही. त्याच दिवशी ओता. नळ उघडा ठेवा. आतून घासा, थोडं अवघड असलं तरी, हात जरा खोल घालावा लागतो. आणि मग मला कुठेतरी वाऱ्यावर पालथा घाला.

कुवेतमध्ये वाळायला वेळ लागत नाही. फक्त कुणीतरी पालथं घालायला हवं.